किट नवे हवे, पण उघडता येणारे

सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : सहावी-सातवीतल्या मुलासाठी कोणते विज्ञान किट घ्यावे? पूर्वीच्या पेट्यांत भिंग, चुंबक, लोलक असत. आता सेन्सर, मोटर आणि सर्किट बोर्ड असतात. २०१६ साली जाहीर झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून तर शाळांत थ्रीडी प्रिंटरही पोहोचले. एका शाळेला त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. सामान नवे झाले, हे चांगलेच. पण तेवढ्याने कुतूहल जागे होते का?

यासाठी १९७८ सालात डोकावू. पुण्यात टेल्कोमध्ये काम करणारे तरुण अभियंते अरविंद गुप्ता वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथल्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळाली. नळीचा छोटा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांत गुल खरवडलेल्या आगकाड्या खुपसायच्या, झाला सांधा! तुकड्याला काट्याने भोक पाडून तिसरी काडी घुसवली की तीन काड्यांचा सांधा.

आता गंमत पाहा. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की लगेच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. कल्याणच्या मुलांना हाच धडा भव्य आकारात बघायला मिळतो. जुना पत्री पूल नोव्हेंबर २०१८मध्ये पाडला गेला आणि जानेवारी २०२१मध्ये नवा खुला झाला. रेल्वेच्या रुळांवर टाकलेला त्याचा सुमारे ७६ मीटर लांबीचा लोखंडी गर्डर निरखून पाहा. त्रिकोणाला लागून त्रिकोण दिसतील. काड्यांशी खेळलेले मूल त्या पुलाखालून जाताना नक्की वर बघेल.

पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे आणि २०१८च्या पद्मश्रीमुळे गुप्तांचे नाव घरोघरी पोहोचले. ज्या उपक्रमात हा काड्यांचा खेळ जन्मला, त्याची आठवण मात्र फार थोडे जण काढतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून गावात गेलेले अनिल सद्गोपाल आणि त्यांची ‘किशोर भारती’, तसेच रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १९७२मध्ये १६ उच्च प्राथमिक शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. मुले टोळ्या करून प्रयोग करत, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या नियमित बैठका हा त्या कामाचा कणा होता. २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. आपल्या शालेय विज्ञानाचे ते मोठे नुकसान होते, असे मला ठामपणे वाटते. आजही शाळांत पेटी पोहोचते, पण तिच्यासाठी शिक्षकाला वेळ आणि मोकळीक मिळत नाही.

मग आधुनिकीकरण करायचे ते कसे? सायकलींचे व्हॉल्व्ह बदलत आहेत, ती नळी पूर्वीसारखी सहज मिळत नाही. भंगार बदलले की किटही बदलायला हवे. निकामी सीडी हे आता प्रकाशाचे रंग वेगळे करणारे साधन आहे. तिच्यावरच्या रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात. तिच्यात एलईडी दिव्याचा उजेड पाहिला तर रंगांचा सलग पट्टा दिसतो, जुन्या सीएफएलचा पाहिला तर सुटे-सुटे पट्टे.

आणि मोबाइल ही तर तयार प्रयोगशाळा! त्यात त्वरण मोजणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याचा आलेख काढून देते. कल्याणहून ठाकुर्लीला जाताना लोकलच्या बाकावर बसून फोन स्थिर ठेवा. गाडी निघाली, वेग धरला, ब्रेक लागला, सगळे पडद्यावर उमटते. आलेखाखालचे क्षेत्रफळ काढले की वेगातला बदल कळतो. नववीचे गणित असे रुळांवर धावते!

तेव्हा पालकांनी किट घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. ते उघडता येते का? एखादा भाग तुटला तर गावातल्या दुकानात मिळेल का? आणि सूचनापत्रिकेत नसलेले काही त्यातून बनवता येईल का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तरच ते घ्या. आणि मुलाने ते मोडले, तर रागावू नका. आत काय आहे ते त्याच्याबरोबर बसून बघा.