मनीचं ऑपरेशन कधी करायचं?

होस्टेलच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांना बंदी असते, पण मांजरांनी ती वाचलेली नसते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक होस्टेलला एक मनी असतेच. तिला दूध कोण घालणार यावर चढाओढ, पण "हिचं ऑपरेशन कधी करायचं?" असं विचारलं की सगळे एकदम सबमिशनमध्ये बिझी! "अजून लहान आहे रे", "वर्षाची तरी होऊ दे", "एकदा पिल्लं होऊ देत बिचारीला" ही उत्तरं ठरलेली. मला तिन्ही पटत नाहीत.

मुळात ती आपल्याला वाटते तितकी लहान नसते. मांजराचं पिल्लू चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकतं. (कॉन्व्हेंटच्या कृपेने 'माज' म्हणजे फक्त सीनियर्सचा असतो तो, एवढंच मला माहीत होतं. हा अर्थ मेसच्या मावशींनी सांगितला.) रात्रभर बाळासारखं ओरडणं, जमिनीवर लोळणं, मागचा भाग उचलून शेपटी बाजूला करणं, ही लक्षणं. पोरांना वाटतं पोट दुखतंय. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. थंड देशांत हिवाळ्याच्या छोट्या दिवसांत हे चक्र थांबतं, आपल्याकडे ते वर्षभर चालू शकतं. शिवाय मांजरात बीज सुटतं ते बोक्याशी संबंध आल्यावर. मायक्रोप्रोसेसरच्या भाषेत, सगळी सिस्टिम इंटरप्टवर चालते. त्यामुळे नेम फारसा चुकत नाही.

आता हिशोब करा. गर्भाचे दिवस साधारण ६३ ते ६५. जुलैत जन्मलेली मनी डिसेंबरात गाभण राहिली, तर फेब्रुवारीत म्हणजे सात महिन्यांची असताना, स्वतःच अर्धवट वाढलेली, ती तीन-चार पिल्लांची आई होते. पिल्लं अंगावर पीत असतानाच परत गाभण राहू शकते. एका जोडीपासून सात वर्षांत ४,२०,००० मांजरं होतात असं काही पोस्टरवर लिहिलेलं असतं. तो आकडा खोटा आहे, कारण त्यात एकही पिल्लू मरत नाही असं धरलंय. खरं काय होतं ते मेसमागच्या पार्किंगमध्ये दिसतं. सुट्टी लागते, मेस बंद होते, आणि जूनमध्ये आपण परत येतो तेव्हा चारातलं एखादं उरलेलं असतं.

"एकदा पिल्लं होऊ देत" याने तिच्या तब्येतीला काडीचा फायदा नाही. उलट २००५ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला. वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्के, आणि दोन वर्षांनंतर फायदा जवळपास शून्य. सहा महिने थांबायचं ही जुनी सवय. २०१६ मध्ये तिथल्या पशुवैद्यांच्या गटाने पाच महिन्यांच्या आतच ऑपरेशन करा असं सांगितलं, आणि अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशननेही २०१७ मध्ये त्याला पाठिंबा दिला. म्हणजे लसी झाल्या की लगेच, चार ते पाच महिन्यांच्या मध्ये.

पण मनीचा बर्थडे कुणाला माहीत असतो? दात बघा. समोरचे बारीक दुधाचे दात पडून नवे येऊ लागले की साधारण चार महिने झाले. सुळे बदलायला लागले की उशीर करू नका. महिन्याला अर्धा किलो हा वजनाचा हिशोब पोटभर खाणाऱ्या घरच्या मांजराचा. आपली मनी पोळीच्या तुकड्यांवर वाढलेली, ती दीड किलोची असून पाच महिन्यांची असू शकते.

बोक्याचं ऑपरेशन सोपं, पोट उघडावं लागत नाही. त्याच वयात केलं तर कोपऱ्याकोपऱ्यात फवारे मारायची सवय बहुधा लागतच नाही. मोठ्या बोक्याच्या बाबतीत मात्र ऑपरेशननंतरही काही आठवडे तो 'बाप' होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

कॉन्ट्रिब्यूशन काढा. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, मुंबई इथे पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, जवळ असेल तिथे आधी चौकशी करा. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, रक्तातली साखर उतरते. डॉक्टर सांगतील तितकेच तास. नंतर दहा-बारा दिवस ती टाके चाटणार नाही, उड्या मारणार नाही अशी बंद खोली हवी, म्हणून तारीख परीक्षेच्या तोंडावर घेऊ नका. आणि कण्हतेय म्हणून कुणीही क्रोसिन देऊ नका! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. जखमेला डेटॉलही नको.

मोकळ्या मांजराच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीतच एका कानाचं टोक किंचित कापून घ्यायला सांगा. दिसायला वाईट वाटतं, पण आपली बॅच पास होऊन जाते आणि मनी तिथेच राहते. ती खूण नसेल तर पुढची उत्साही बॅच तिला परत टेबलावर झोपवेल.