जनुकाच्या बटणामागची माणसं

बारावीच्या जीवशास्त्रात ‘लॅक ओपेरॉन’ नावाची एक आकृती असते. ई. कोलाय या जिवाणूला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज मिळालं, की ती पचवणारं एन्झाइम तयार होतं. साखर नसली की ते बनणं थांबतं. चौकोन, बाण, ‘रेप्रेसर’ आणि ‘ऑपरेटर’ अशी नावं पाठ करून मुलं परीक्षेत गुण मिळवतात. जनुकातला मजकूर आरएनएवर उतरवला जातो, त्याला प्रतिलेखन म्हणतात. ते कधी सुरू व्हावं आणि कधी थांबावं, हे ठरवणारं बटण पहिल्यांदा सापडलं ते याच साखरेच्या निमित्ताने. त्या शोधाच्या मध्यभागी होते फ्रान्स्वा जाकोब. आकृती फार नीटनेटकी दिसते. ती तयार होतानाचा कारभार मात्र अजिबात नीटनेटका नव्हता.

सर्जन व्हायचं होतं

जाकोब यांचा जन्म १९२० चा, फ्रान्समधल्या नान्सी शहरातला. पॅरिसमध्ये डॉक्टरकी शिकत असताना जून १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या. हा विशीतला मुलगा बोटीने इंग्लंड गाठून द गॉल यांच्या स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल झाला. आफ्रिकेतल्या मोहिमांत त्याने वैद्यकीय पथकात काम केलं. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात तो गंभीर जखमी झाला. इस्पितळात कित्येक महिने गेले. शरीरात बॉम्बचे तुकडे राहिले आणि तासन्‌तास उभं राहून शस्त्रक्रिया करण्याचं स्वप्न संपलं.

मग काय करायचं? वैद्यकीची पदवी कशीबशी पदरात पडली. प्रतिजैविकांच्या कामात हात घालून पाहिला, पण मन रमेना. आपल्यासारख्याच उशिरा सुरुवात केलेल्या लोकांना संशोधनात जागा मिळते, असं कानावर आलं तेव्हा जाकोब पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढू लागले.

“हो” म्हणून टाकलं

तिथे माळ्यावर आंद्रे ल्वॉफ यांची प्रयोगशाळा होती. जाकोब जाऊन विचारत आणि ल्वॉफ सांगत, जागा नाही. असं अनेकदा झालं. जून १९५० मध्ये मात्र ल्वॉफ खुशीत होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की आम्हाला प्रोफेज जागा करता येऊ लागला आहे! जाकोब यांनी चेहऱ्यावर शक्य तितकं कौतुक आणलं. फेजवर, म्हणजे जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूवर, काम करायला आवडेल का, या प्रश्नावर त्यांनी चाचरत सांगितलं, की अगदी तेच तर करायचं आहे. बाहेर पडल्यावर ते थेट पुस्तकांच्या दुकानात गेले आणि शब्दकोशात ‘प्रोफेज’ शोधू लागले. हा किस्सा त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहिला आहे.

प्रोफेज म्हणजे जिवाणूच्या डीएनएमध्ये गुपचूप दडून बसलेला विषाणू. तो पिढ्यान्‌पिढ्या काही करत नाही. अतिनील किरणांचा मारा केला, की एकदम जागा होतो आणि यजमानाला फोडून बाहेर पडतो. इतका काळ त्याला गप्प कोण ठेवतं? जाकोब यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं बीज या प्रश्नात होतं.

प्रयोगशाळेत मिक्सर

माळ्यावर जाकोब यांना जोडीदार मिळाले एली वोलमन. वोलमन यांचे आई-वडील याच संस्थेत याच दडलेल्या विषाणूंवर काम करत होते. १९४३ मध्ये नाझींनी त्यांना ऑशविट्झला पाठवलं. ते परत आले नाहीत. मुलगा आई-वडिलांचाच विषय पुढे नेत होता.

एक जिवाणू दुसऱ्याला आपलं डीएनए देतो, हे तोवर माहीत होतं. या दोघांनी ठरवलं, देवाणघेवाण चालू असताना मध्येच तोडून पाहायचं. त्यासाठी वापरला स्वयंपाकघरातला मिक्सर. ठरावीक मिनिटांनी थोडे थोडे जिवाणू काढायचे, मिक्सरमध्ये फिरवून जोड्या तोडायच्या आणि कोणते गुण पलीकडे पोहोचले ते मोजायचं. उत्तर घड्याळासारखं आलं: काही जनुकं आठव्या मिनिटाला, लॅक्टोजचं जनुक अठराव्या मिनिटाला, गॅलॅक्टोजचं पंचविसाव्या मिनिटाला. डीएनए एका टोकाकडून सरळ ओळीने आत शिरत होतं. जनुकांचा नकाशा किलोमीटरऐवजी मिनिटांत मांडता येतो, हे मिक्सरने दाखवलं.

मोनो यांचा आवडता तर्क

त्याच संस्थेत जाक मोनो लॅक्टोजच्या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम करत होते. मोनो म्हणजे बहुरंगी माणूस. सेलो वाजवणारे, बाखच्या संगीताचे समूहगान बसवणारे, शिडाची होडी चालवणारे आणि युद्धात भूमिगत प्रतिकाराचे पुढारी. सॉरबॉन विद्यापीठात त्यांच्या खोलीबाहेर जिराफाचा सांगाडा उभा असे. त्याच्या पोकळ हाडांत ते गुप्त कागद लपवत.

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीहून आर्थर पार्डी सुट्टी घेऊन पॅरिसला आले. पार्डी, जाकोब आणि मोनो या तिघांनी मिळून केलेल्या प्रयोगाला नावांवरून ‘पाजामो’ म्हणत, आणि प्रयोगशाळेत लगेच त्याचा ‘पायजमा’ झाला. ज्या जिवाणूत या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं आहे, त्याच्यात मिलनातून चांगलं जनुक सोडायचं आणि एन्झाइम कधी बनतं ते पाहायचं. मोनो यांचा आवडता तर्क असा, की साखर नसतानाही एन्झाइम बनवत राहणाऱ्या जिवाणूंच्या पोटात साखरेसारखं काहीतरी तयार होत असणार. प्रयोगात उलटंच घडलं. जनुक आत शिरताच काही मिनिटांत एन्झाइम बनायला लागलं आणि तासा-दीड तासाने आपोआप थांबलं. म्हणजे जनुकाला चालू करावं लागत नव्हतं; ते चालूच होतं, आणि मागून आलेला कोणीतरी त्याला बंद करत होता.

हंगेरीतून आलेले भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड तेव्हा प्रयोगशाळांतून फिरून लोकांशी वाद घालत. जनुकावरचा लगाम काढणं म्हणजेच त्याला चालवणं, ही कल्पना त्यांनी मोनो यांच्यापुढे आग्रहाने मांडली होती. मोनो यांनी नोबेल भाषणात त्यांचं ऋण मोकळेपणी मान्य केलं.

सिनेमाच्या अंधारात

१९५८ च्या जुलैमधला रविवार. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मोठं व्याख्यान द्यायचं होतं आणि जाकोब यांना लिहिणं जमेना. पत्नीबरोबर ते माँपार्नास भागात सिनेमाला गेले. पडद्यावर काय चाललं होतं कोण जाणे. डोक्यात दोन प्रयोग एकमेकांवर बसले. दडलेला विषाणू आणि लॅक्टोजचं जनुक, दोन्हीकडे एकच गोष्ट घडत होती. कोणीतरी थेट डीएनएवर बसून त्याला गप्प ठेवत होतं. दडलेला विषाणू मिलनातून नव्या जिवाणूत शिरला तर तिथे तो लगाम नसतो, म्हणून जागा होतो. पायजम्यातलं जनुकही तसंच. सिनेमातून बाहेर पडताना त्यांनी पत्नीला सांगितलं, की बहुतेक काहीतरी महत्त्वाचं सुचलं आहे.

मोनो सुट्टीवर होते. ते परतल्यावर जाकोब यांनी उत्साहाने सगळं सांगितलं. मोनो यांना ते पटलं नाही. एन्झाइम कधी कमी, कधी जास्त बनतं; नुसतं चालू-बंद बटण त्याचा हिशेब कसा देणार? उत्तर जाकोब यांना घरात मिळालं. मुलगा विजेच्या खेळण्यातल्या आगगाडीशी खेळत होता. वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती, तर तो बटण झपाझप चालू-बंद करून हवा तो वेग मिळवत होता. मग आठवडेच्या आठवडे फळ्यासमोर वाद झाले, आणि त्यातून १९६० मध्ये ‘ओपेरॉन’, म्हणजे एकाच बटणावर चालणारा जनुकांचा गट, आकाराला आला.

कोकच्या मशीनमागे

एक कोडं राहिलं होतं. जनुकाचा निरोप एन्झाइम बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत कोण नेतं? १५ एप्रिल १९६०, गुड फ्रायडे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातल्या सिडनी ब्रेनर यांच्या खोलीत जाकोब पायजमा प्रयोगाची पुढची हकीकत सांगत होते. पार्डी आणि त्यांची विद्यार्थिनी मोनिका रायली यांनी जनुक नष्ट करून पाहिलं, तर एन्झाइम बनणंही लगेच थांबलं. म्हणजे निरोप टिकाऊ नव्हता. हे ऐकताच ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक उडालेच. विषाणूने ग्रासलेल्या जिवाणूत क्षणभंगुर आरएनए सापडल्याचं त्यांना आठवलं. हाच तो निरोप्या! त्याच संध्याकाळी क्रिक यांच्या घरी मेजवानी होती. बाकीचे मजा करत असताना ब्रेनर आणि जाकोब कोपऱ्यात बसून प्रयोग आखत होते.

जूनमध्ये दोघे कॅलिफोर्नियात कॅल्टेकला मॅथ्यू मेसेलसन यांच्याकडे पोहोचले. त्यांना बोलावणाऱ्या मॅक्स डेलब्रुक यांचाच या कल्पनेवर विश्वास नव्हता. प्रयोग एकामागून एक फसत होते. जुने आणि नवे रायबोसोम वेगळे करायला वापरलेल्या सीझियमच्या जड द्रावणात रायबोसोम विरघळून जात. परतायचे दिवस जवळ आले. वैतागलेल्या दोघांना एक सहकारी संशोधिका समुद्रकिनाऱ्यावर घेऊन गेली. वाळूत पडल्या पडल्या ब्रेनर ओरडले, “मॅग्नेशियम!” रायबोसोमला एकसंध ठेवणाऱ्या मॅग्नेशियमची जागा सीझियम घेत होतं. म्हणजे मॅग्नेशियम भरपूर वाढवायला हवं होतं. सगळे धावत परतले. शेवटच्या प्रयोगाला हात इतके थरथरत होते, की किरणोत्सारी फॉस्फरस पाण्याच्या टाकीत सांडला. ती टाकी तळघरात कोका-कोलाच्या मशीनमागे लपवून ठेवली. प्रयोग मात्र जमला. नवा आरएनए जुन्याच रायबोसोमवर बसलेला दिसला. संदेशवाहक आरएनए सापडला होता.

हार्वर्डमध्ये जेम्स वॉटसन यांच्या गटाकडेही तोच पुरावा जमत होता, आणि त्या गटात पाश्चरहून गेलेले फ्रान्स्वा ग्रो होते. वॉटसन यांनी थोडं थांबायची विनंती केली. दोन्ही निबंध १३ मे १९६१ च्या ‘नेचर’मध्ये एकाच अंकात आले. त्याच वर्षी जाकोब आणि मोनो यांचा ओपेरॉनवरचा मोठा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात एक तर्क चुकला होता: लगाम, म्हणजे रेप्रेसर, आरएनएचा असेल असा त्यांचा अंदाज होता. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला, तेव्हा तो प्रथिनाचा निघाला.

तिघांचं पारितोषिक

१९६५ चं वैद्यकाचं नोबेल ल्वॉफ, जाकोब आणि मोनो यांना मिळालं. जाकोब यांनी पुढे जिवाणू सोडून उंदरांच्या भ्रूणांवर काम केलं, पुस्तकं लिहिली, फ्रेंच अकादमीचे सदस्य झाले आणि २०१३ मध्ये वारले. ते म्हणत, विज्ञान दोन प्रकारचं असतं. दिवसाचं विज्ञान निबंधांत छापून येतं, काटेकोर आणि आत्मविश्वासाने भरलेलं. रात्रीचं विज्ञान चाचपडतं, धडपडतं, घाम फोडतं. वर सांगितलेलं सगळं दुसऱ्या प्रकारात मोडतं.

त्यातून एक हिशेबही निघतो. मिक्सर वोलमन यांच्या जोडीने फिरला, पायजमा पार्डी यांच्याशिवाय शिवला गेला नसता, निरोप्या ब्रेनर आणि मेसेलसन यांच्याबरोबर सापडला. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त जणांना देत नाहीत. वोलमन, पार्डी आणि मेसेलसन यांना ते कधीच मिळालं नाही. ब्रेनर यांना मिळालं २००२ मध्ये, पण सूत्रकृमींवरच्या कामासाठी. जाकोब यांची बुद्धी असामान्य होतीच. तरी त्यांच्या कारकिर्दीतला एकही मोठा शोध त्यांच्या एकट्याचा नाही, आणि हे त्यांनी स्वतः कधी लपवलं नाही.