कोंबडीची पिसे कोण उपटते? उघडी जागा पाहून ओळखा

पेण आणि रोहा तालुक्यांत भाताची रोपे वर आली की परसातल्या कोंबड्या खुराड्यात कोंडल्या जातात. सोडल्या तर खाचरात शिरतात, शिवाय पाऊसही उघडत नाही. श्रावण-भाद्रपदात पाहावे तर कुणाची पाठ उघडी, कुणाची शेपटी गेलेली, अंडी कमी झालेली. ‘उष्णता झाली’ म्हणून मग हाताला येईल ते औषध दिले जाते. औषधाआधी पिसे नेमकी कुठली गेली ते पाहावे.

कोंबडीची चोच तिच्या स्वतःच्या डोक्याला पोचत नाही. डोके भरलेले आणि छाती, पोट किंवा मांड्या उघड्या असतील, तर ती स्वतः पिसे उपटत असण्याचा संशय घ्यावा. डोके, पाठ किंवा शेपटीचे मूळ उघडे असेल तर बहुधा दुसऱ्या कोंबड्या टोचत आहेत. पिंजऱ्यातल्या लव्हबर्डलाही हीच खूण लागू पडते. तो मात्र अनेकदा एकटेपणामुळे आणि चोचीला काम नसल्यामुळे पिसे काढतो.

खुडूक कोंबडीची छाती उघडी दिसली तर काळजी नको. अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून तिची तिथली पिसे झडतात, काही ती स्वतः काढते. २१ दिवसांनी पिल्ले निघाली की पिसे हळूहळू परत येतात.

खुडूक नसताना पोट उघडे असेल तर आधी उवा-गोचिडींचा शोध घ्यावा. शेपटीखालची पिसे बाजूला करून मुळाशी पाहावे. पांढरे पुंजके म्हणजे उवांची अंडी. लाल माइट मात्र दिवसा अंगावर क्वचितच सापडतात. ते खुराड्याच्या फटींत दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरी लावून दांड्यांची खालची बाजू तपासावी.

आपल्याकडे पावसाळ्यातच हा त्रास का वाढतो? कोंबडी धुळीत लोळून अंगावरचे किडे झाडते, आणि कोकणात चार महिने कोरडी धूळच मिळत नाही. पडवीत घमेलेभर कोरडी माती आणि चुलीतली थंड, चाळलेली राख ठेवावी. फटी खरवडून चुना लावावा. भाजीवर फवारायचे कीटकनाशक कोंबडीवर कधीही मारू नये. पक्षी मरतात आणि विष अंड्यांतून घरात येते. औषध लागलेच तर पशुवैद्यकाला विचारूनच वापरावे, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारावे.

एकमेकींना टोचण्यामागे बहुधा दाटी आणि निकृष्ट खाद्य असते. दिवसभर कोंडायचे असेल तर प्रत्येक मोठ्या कोंबडीला दोन चौरस फूट जागा हवी. दुसरी गोष्ट म्हणजे पीस हे जवळजवळ सगळे प्रथिनच असते. तांदळाच्या कणीत प्रथिने सात-आठ टक्के, आणि अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सुमारे सोळा ते अठरा. मोकळी असताना ती किडे-वाळवी खाऊन हा फरक भरून काढते, कोंडल्यावर तो रस्ता बंद होतो. एक किलो खाद्यात ७५० ग्रॅम कणी-कोंडा, १५० ग्रॅम शेंगदाणा पेंड आणि १०० ग्रॅम सुका जवळा मिसळावा. पेंडीला बुरशी नको. मिठात खारवलेली मासळीही नको, जास्त मिठाने कोंबड्या मरू शकतात. हिरव्या पाल्याची जुडी उंचावर टांगली की चोचीला कामही मिळते.

रक्त दिसले तर त्याच दिवशी ती कोंबडी वेगळी करावी. लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात आणि तिला मारूही शकतात. जखमेवर हळद आणि कडुनिंबाचे तेल लावावे. फक्त पाठ उघडी आणि कळपात कोंबडे जास्त असतील, तर आठ-दहा माद्यांना एकच कोंबडा ठेवावा.

पावसाळा सरल्यावर बऱ्याच कोंबड्यांची पिसे एकदम गळली, कातडीला इजा नसली आणि नवे कोंब दिसत असले, तर ती वार्षिक पीसगळ आहे. तेव्हा अंडी दोन-तीन महिने थांबतात. ‘आटली’ म्हणून चांगली कोंबडी विकू नये, वरचेच खाद्य चालू ठेवावे. पिसांबरोबर कोंबड्या सुस्त दिसल्या किंवा अचानक मरू लागल्या तर वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. खाद्य आणि खुराड्याबाबतचा सल्ला किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतो.