ग्रह बघण्याआधी गोंगाट मोजा!

मे महिन्यात रूममधला कूलर घरघरत असताना पलीकडच्या कॉटवरचा रूममेट कुजबुजला, तर ऐकू येतं का? बाह्यग्रहांचा, म्हणजे सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचा, अभ्यास करणाऱ्या दुर्बिणींची अडचण नेमकी हीच आहे.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने असा एक ग्रह भारताला नाव ठेवायला दिला. पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं ‘संतमस’ हे नाव त्याला मिळालं. नाव ठेवणं सोपं हो, पण अशा ग्रहांच्या हवेत काय आहे हे कसं शोधायचं?

काही ग्रह आपल्याकडून बघताना ताऱ्यासमोरून जातात. याला अधिक्रमण म्हणतात. तेव्हा ताऱ्याचा प्रकाश किंचित कमी होतो. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर साधारण १ टक्का, पृथ्वी गेली तर फक्त ०.००८४ टक्के! ग्रहाच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तर त्याहूनही कमी. त्यातला कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला गेला, यावरून वायू ओळखतात.

आता कूलर. फोटॉन काही हजेरी लावून ठरलेल्या संख्येने येत नाहीत. १० लाख मोजले तर हजारभर इकडेतिकडे होणारच, म्हणजे ०.१ टक्का. डिटेक्टरचा नॉइज वेगळाच.

म्हणून आधी सिम्युलेशन करतात. जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ ला उडाली. तिच्यासाठीचं ‘पँडएक्झो’ हे सॉफ्टवेअर नताशा बटाल्हा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच मांडलं होतं. ताऱ्याची तेजस्विता, अधिक्रमणाचा कालावधी, वातावरणाचं मॉडेल आणि कोणतं उपकरण, एवढं द्यायचं. मग ते नॉइजसकट आलेख देतं. तारा फार तेजस्वी असेल तर डिटेक्टर भरून वाहील, हेही सांगतं.

फायदा काय? मी एक सोपा हिशेब केला. समजा सिग्नल दहा लाखांत १०० भाग आणि एका अधिक्रमणातला नॉइजही तेवढाच. नॉइज वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणून तो पाव करायला १६ अधिक्रमणं लागतील. ग्रह ४ दिवसांत फेरी मारत असेल तर काम ६० दिवसांत होतं. पृथ्वीसारखा वर्षातून एकदा येत असेल तर १५ वर्षं! वेबच्या वेळेला मागणी कितीतरी पट जास्त. तेव्हा काय मागायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आधीच कळलेलं बरं.

जुलै २०२२ मध्ये वेबने सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूरच्या ‘वॅस्प-३९बी’चं अधिक्रमण टिपलं. त्या एकाच निरीक्षणात तिथला कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसला. फुगलेलं वातावरण, मोठा सिग्नल. निवड आधीच विचारपूर्वक केलेली होती.

आपल्या लॅबमध्ये गुळगुळीत आलेख आला की आपण खूश. इथे मात्र सॉफ्टवेअर मुद्दाम आलेख खराब करतं, आणि तोच त्याचा खरेपणा. तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सिम्युलेशनचा आलेख लावताना त्यावर एरर बारही असू द्या!