शिकारीचे शिक्षण, माडिया गोंडांतील

गडचिरोली जिल्ह्याच्या (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट) भामरागड-एटापल्ली भागातील माडिया गोंडांत मुलांना पारधीची ओळख करून देण्याची परंपरागत रीत. हे शिक्षण मुद्दाम असे दिले जात नसे. गुरे राखता राखता मुलगा गलोलीने पाखरे टिपी, बिळातले उंदीर खणून काढी, ओढ्यात मासे व खेकडे धरी. बांबूच्या लहान धनुष्यावर हात बसला, की तो वडीलधाऱ्यांमागून रानात जाई. नेमबाजीइतकेच माग ओळखणे, वाऱ्याचा रोख पाहणे व निःशब्द उभे राहणे यांस महत्त्व असे. सामूहिक पारधीतील मांस गावात वाटले जाई. वाटणीचे नियमही मुले तेथेच शिकत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर निर्बंध आले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही थांबली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क त्यांतून स्पष्टपणे वगळला. पोटासाठीची पारध व हौशी मृगया यांत येथे भेद केलेला नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प (स्थापना १९७३) चालविणाऱ्या प्रकाश आमटे यांनी, मारलेल्या माकडिणीस बिलगलेले जिवंत पिलू शिकाऱ्यांकडून मागून घेतले. त्यातून वन्य प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पुढे शिकारीत पोरकी झालेली पिले माडिया लोक तेथे आणून देऊ लागले. प्रकल्पाच्या निवासी शाळेतील मुलांना हे प्राणी भक्ष्याखेरीज अन्य नात्यानेही परिचित झाले.