हजार ग्रहांचा एक राजा: एवढं मोठं राज्य चालतं कसं?

दिवाळीत माळशिरसला घरी गेलो होतो. बारावीतला चुलतभाऊ मोबाईलवर 'ड्यून' बघत होता. मध्येच पॉज करून म्हणाला, "दादा, सम्राट तिकडं भलत्याच ग्रहावर बसलाय. मग बाकीचे ग्रह त्याचं ऐकतात कशाला?"

प्रश्न भारी आहे. त्याचं उत्तर शोधताना सर्व्हर, मंगळयान आणि आपला सोलापूर जिल्हा, तिन्ही एकाच गोष्टीत येतात. चला, समजून घेऊ.

खरी अडचण अंतराची

ऑनलाइन गेम खेळताना पिंग वाढला की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गोळी झाडता, पण सर्व्हरला कळेपर्यंत समोरचा पळालेला असतो. अंतराळात हाच पिंग भयानक वाढतो. प्रकाशापेक्षा वेगानं कुठलाच सिग्नल जात नाही. चंद्रापर्यंत सव्वा सेकंद, मंगळापर्यंत ३ ते २२ मिनिटं आणि सूर्यानंतरच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंत, म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरीपर्यंत, ४.२४ वर्षं. तिथल्या सुभेदारानं "बंड झालंय, काय करू?" असं विचारलं, तर राजाचं उत्तर यायला जवळपास साडेआठ वर्षं लागतील. तोवर बंडवाल्यांची पोरं शाळेत जायला लागलेली असतील!

इस्रोनं हे प्रत्यक्ष हाताळलंय. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत गेलं, तेव्हा सिग्नल एका बाजूनं पोचायलाच सुमारे १२ मिनिटं लागत होती. त्यामुळे इंजिन कधी चालू करायचं, कधी बंद करायचं, हे आदेश आधीच यानात भरून ठेवले होते. ऐन वेळी निर्णय यानानं घेतला, बंगळुरूनं नाही.

थोडक्यात नियम असा: निरोप जितका उशिरा पोचणार, तितका अधिकार लांबच्या माणसाला द्यावाच लागतो. यूपीआय लाइटमध्येही हेच तत्त्व आहे. छोट्या रकमेसाठी दर वेळी पिन लागत नाही आणि बँकेच्या मुख्य यंत्रणेवर प्रत्येक वेळी ताण येत नाही. मर्यादा मात्र आधीच ठरलेली असते.

कथांमधली दोन मॉडेल्स

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून'मध्ये (१९६५) ग्रह म्हणजे जहागीर आहे. सम्राट अराकिस हा ग्रह हार्कोनेन घराण्याकडून काढून अट्रायडीस घराण्याला देतो. रोजचा कारभार, वसुली, सैन्य, सगळं त्या घराण्याचं. सम्राटाकडे सरदौकार नावाची जबरदस्त फौज आहे, पण सगळी घराणी एकत्र आली तर तिला त्यांच्याशी झुंजावं लागेल. घराण्यांची स्वतःची सभा आहे आणि ग्रहांमधला प्रवास तिसऱ्याच संघटनेच्या हातात आहे. म्हणजे तीन पायांचं स्टूल. एक पाय काढला की पडलं.

'स्टार वॉर्स'मध्ये वेगळं आहे. १९७७ च्या पहिल्याच चित्रपटात सम्राट सिनेट बरखास्त करतो आणि प्रांतांचे गव्हर्नर थेट कारभार बघायला लागतात. लोकांनी ऐकायचं का? तर ग्रह उडवून देणारं हत्यार आहे म्हणून.

एकात वाटणी, दुसऱ्यात धाक. पण हे लेखकांनी हवेतून काढलेलं नाही.

राजा जिंजीत, बादशहा आपल्याच जिल्ह्यात

१६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज रायगडावरून निघाले आणि थेट आजच्या तमिळनाडूतल्या जिंजीला पोचले. राजधानी शेकडो मैल लांब आणि मधे मुघल फौजा. उलट १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे मंगळवेढ्याजवळ. माळशिरसच्या माणसाला स्वतःचा राजा लांब आणि शत्रूचा बादशहा जवळ!

मग स्वराज्य चाललं कसं? राजाराम महाराजांनी रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन महाराष्ट्राचा कारभार सोपवला. पंतांना दर निर्णयाला जिंजीकडे बघावं लागत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हरशी कनेक्शन तुटलं तरी स्थानिक सर्व्हर काम करत राहिला. म्हणूनच राज्य टिकलं.

पण याची किंमतही मोजावी लागली. शिवाजी महाराजांचा भर रोख पगारावर होता, नवी वतनं देणं ते टाळायचे. आता खजिना रिकामा आणि औरंगजेब वतनांचं आमिष दाखवतोय. मग राजाराम महाराजांनाही वतनं द्यावी लागली. वतनदाराची निष्ठा आधी जमिनीशी, मग राजाशी. माळशिरसच्या शेजारच्या म्हसवडचे नागोजी माने कधी मुघलांकडे, कधी मराठ्यांकडे होते. १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरभागात संताजी घोरपड्यांचा अंत झाला, त्यात त्यांचंच नाव घेतलं जातं.

अधिकार दिला, पण लक्ष कसं ठेवायचं?

पेशवाईत यावर एक युक्ती होती. सरदाराला फौजेच्या खर्चासाठी सरंजाम मिळायचा, पण त्याच्याकडे फडणीस, दफ्तरदार असे दरकदार वरून नेमलेले असायचे. सरदाराला त्यांना मनाला येईल तेव्हा काढता येत नसे. ॲपमध्ये कोणी काय केलं याची नोंद ठेवणारा लॉग असतो, तसंच हे. नोंद पुसायचा हक्क ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच दिला, तर उपयोग काय?

तरी अंतर शेवटी अंतरच. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. नानासाहेब पेशवे तेव्हा मदतीसाठी उत्तरेकडेच निघाले होते. तरीही पराभवाची बातमी त्यांना वाटेत, भेलशाजवळ, सुमारे दहा दिवसांनी एका सावकारी पत्रातून कळली.

आणि प्रजेला कोणी विचारलं?

भावाला एवढं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "पण अराकिसच्या लोकांना कोणीच विचारत नाही, ग्रह कोणाला द्यायचा ते." बरोबर पकडलं. फ्रेमेन लोकांचा राग तिथूनच सुरू होतो. जहागीर असो की गव्हर्नर, अधिकार वरूनच येतो. त्यामुळे जाब विचारणाराही फक्त वर असतो.

१ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी रचना आली, ती इथं वेगळी ठरते. यात खालचा अधिकारही मतातून येतो. तरी "वरून मंजुरी आली नाही" हे वाक्य आपण अजून ऐकतोच. आज फाईल सेकंदात मुंबईला पोचते. म्हणजे उशीर होतो तो अंतरामुळे नाही. निर्णयाचा हक्क कुठे ठेवलाय, यामुळे होतो.

पुढच्या वेळी अंतराळातलं साम्राज्य बघाल, तेव्हा चार प्रश्न विचारा:

१. निरोप पोचायला किती वेळ लागतो?
२. तोवर निर्णय कोण घेतं?
३. त्याची नोंद कोण ठेवतं?
४. चुकलं तर त्याला कोण बदलू शकतं?

हेच चार प्रश्न तुमच्या गावच्या ग्रामसभेतही विचारता येतात. तिथं जायला अंतराळयान लागत नाही.