मुक्त प्रणाली आणि नगामागची जकात

जळगाव वा धुळ्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या जुन्या संगणकावर फेडोरा ही लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवली आणि मोबाइलवर टिपलेली एच.२६५ पद्धतीची व्याख्यानफीत उघडली, तर ती जशीच्या तशी चालत नाही. दोष यंत्राचा नाही, प्रणाली रचणाऱ्यांच्या कौशल्याचाही नाही. चित्र व ध्वनी साठवण्याच्या पद्धतींवरील पेटंटे येथे आड येतात.

हा अनुभव नवा नाही. एमपीथ्री वाजवणाऱ्या आज्ञावलीसाठी प्रत्येक प्रतीमागे ७५ सेंट शुल्क आकारले जाई. म्हणून रेड हॅट या अमेरिकन कंपनीने २००२ मध्ये आपल्या लिनक्समधून ती सोयच काढून टाकली. पेटंटांची मुदत सरत आली तेव्हा, २०१६-१७ मध्ये, ती फेडोरात परतली. पुढे २०२२ मध्ये एच.२६४ व एच.२६५ यांना ग्राफिक्स कार्डातून मिळणारे साहाय्य फेडोराने वगळले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथील पेच मूलभूत आहे. जो माल फुकट वाटला जातो आणि ज्याच्या प्रती कोणी मोजत नाही, त्यावर नगामागे जकात भरायची कोणी? मोठी कंपनी हे शुल्क किमतीत मिसळते; ज्या मालाला किंमतच नाही त्याला तो मार्ग बंद असतो. लहान दिसणारी रक्कम अशा रीतीने मुक्त स्पर्धकालाच बाजाराबाहेर ठेवते.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट नाकारते. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ही तरतूद सैल केली होती. २००५ मध्ये संसदेने ती सैलता स्वीकारली नाही. तथापि हे संरक्षण अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एरिक्सनच्या पेटंटांपोटी लाव्हा कंपनीस सुमारे २४४ कोटी रुपये भरण्यास सांगितले. शिवाय साऱ्या जगासाठी एकच प्रणाली बांधणारी संस्था अमेरिकेच्या कायद्याला जपूनच ती बांधते. त्या सावधगिरीची झळ खानदेशातील विद्यार्थ्यालाही बसते.

यावर उपाय आपल्या हातचा आहे. शासकीय कारभारात शक्यतो स्वामित्वशुल्कमुक्त मानके वापरावीत, हे केंद्राचे धोरण २०१० पासून आहे. विद्यापीठे व महाविद्यालये यांनी तोच नियम स्वतःला लावावा. ध्वनीसाठी ओपस, चित्रफितींसाठी वेबएम अशा, निर्माते शुल्क मागत नाहीत त्या पद्धतींत व्याख्याने उपलब्ध करावीत. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेले ज्ञान उघडण्यासाठी विद्यार्थ्याला परक्या पेटंटधारकाच्या परवान्याची गरज पडू नये.